शर्वरी परत येतेय

शिनोली, ता. आंबेगाव
१८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रज्ञा,
जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर तू काय बोलतेस ते मला आता कानात मशीन घालूनही कळत नाही, आणि मोबाईलवर लिहायला गेले की बोट भलत्याच अक्षरावर पडतं. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात पेशंटचे कागद लिहिण्यात गेली. तेवढा हात अजून चालतो.

विचारायचंय ते एवढंच, की शर्वरी कुठे गेली? गेल्या आठवड्यात तिची नाव नदीत उलटली. तेव्हापासून इनामदारांचं घर नुसतं रडतंय आणि तू काही दिसत नाहीस. टीव्हीतलं मला ऐकू येत नाही, पण तोंडं वाचता येतात. ती थोरली जाऊ रडताना आतून खूश आहे, हेसुद्धा मला कळतं. तुझ्या आप्पांनी तुला फोन केला तर तू म्हणालीस, सुट्टी आहे. त्यांनी ते गावभर केलं.

तुला माहीत आहे, साडेसातला ‘माप ओलांडताना’ लागलं की आपली पुढची खोली भरते. भगवंतरावांची प्रयागबाई घरी मोठा टीव्ही असून आपल्याकडे येते. आमच्या लहानपणी ज्या घरासमोर आम्हाला अंगणाच्या कडेला उभं राहावं लागायचं, त्या घरची ही सून. आता आपल्या खुर्चीत बसून चहा पिते, कारण हे शर्वरीचं माहेर. परवा तिने विचारलं, “भाऊ, शर्वरी मेली का वो?” आप्पा म्हणाले, “मढं घावलं का? न्हाई ना? मग मेली कशी?”

लोक हसले. मी हसले नाही. काय झालंय ते मला लिही.

तुझी,
केशरआत्या

*

मीरा रोड
२७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,
सप्रेम जय भीम.

तुझं अक्षर पाहिलं आणि आधी दचकलेच. मग वाचून हसले. आप्पांचं बरोबर आहे. मालिकेत प्रेत दाखवलं नाही म्हणजे माणूस जिवंत असतो, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. कथेला वळण द्यायचं म्हणून शर्वरीला काही दिवस बाजूला ठेवलंय. असं नेहमी होतं. कुणी परदेशी जातं, कुणाची स्मृती जाते, आणि चार-सहा महिन्यांनी बरोबर एखाद्या लग्नाच्या मांडवात येऊन उभं राहतं.

तीन वर्षं रोज पहाटे उठून तोंडाला रंग लावत होते. आता झोपते, बाजारातून भाजी आणते. एका हिंदी मालिकेच्या मराठी आवाजाचं थोडं काम मिळालंय. काळजीचं काही नाही.

आप्पांना सांग, शर्वरी येणार. फोनवर ते मधेमधे खोकत होते. तू नर्स घरात असताना त्यांना खोकला कसा राहतो?

तुझी,
प्रज्ञा

*

शिनोली
९ जानेवारी २०२५

चि. प्रज्ञा,
जय भीम.

आप्पांचा खोकला थंडीचा आहे. औषध चालू आहे. घोडेगावला दाखवून आणलं.

आता तुझं. कुशाबा पेपर टाकतो, त्यातल्या रंगीत पुरवणीत बातमी आली आहे. तुझा फोटो, आणि खाली लिहिलंय की वैयक्तिक कारणामुळे तू मालिका सोडलीस. बाजूला ठेवलंय असं तू मला लिहिलंस. सोडलीस असं ते लिहितात. दोन्ही खरं कसं असेल? आणि तुझं असं कोणतं वैयक्तिक कारण, जे पेपरवाल्याला कळलं आणि मला नाही?

ते पान मी आप्पांच्या हाती लागू दिलं नाही. ते रोज साडेसातला खुर्ची पुढे ओढून बसतात. खोलीत आता फार कुणी नसतं. प्रयागबाई तिच्या घरी बघते. “पाय दुखत्यात,” म्हणाली. तिचं घर आपल्यापासून किती लांब आहे ते तुला माहीत आहे.

खरं लिही. मी काही रडणार नाही.

केशरआत्या

*

मीरा रोड
२० जानेवारी २०२५

ती. आत्या,

मला काढलं.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र दिनाला मी आले होते, आठवतं? विहारात आप्पांबरोबर काढलेला फोटो मी माझ्या इन्स्टाग्रामच्या पानावर टाकला. पांढरी साडी, आप्पांचा हात माझ्या खांद्यावर, मागे बाबासाहेबांची तसबीर. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते तुला सांगत नाही. “इनामदारांची सून ही?” हे त्यातलं सगळ्यात सभ्य. दोन दिवसांनी ऑफिसात बोलावलं. चहा दिला, गोड बोलले. “प्रेक्षकांच्या मनात शर्वरीचं एक चित्र आहे, ते बिघडायला नको. तो फोटो काढून टाकतेस का?” मी म्हटलं, तो माझ्या वडिलांचा फोटो आहे. ते म्हणाले, बरं बरं, काही हरकत नाही.

पुढच्या महिन्यात नाव उलटली.

फोटोमुळे काढलं असं कुणीही म्हणालेलं नाही, आत्या. म्हणणारही नाहीत. कथेची गरज म्हणाले. तीन वर्षांपूर्वी मालिकेच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्ये माझं आडनाव गाळलं, तेव्हा सुटसुटीत दिसतं म्हणाले होते. मला तेव्हाही ते पटलं होतं. पटवून घेतलं होतं.

आप्पांना यातलं काही सांगू नकोस. त्या फोटोत ते किती ताठ उभे आहेत.

प्रज्ञा

*

शिनोली
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रज्ञा,

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. आप्पांना सांगितलं नाही, सांगणारही नाही.

तू फोटो काढून टाकला नाहीस ते माझ्या आतवर पोचलं. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर गळा काढल्यासारखं होईल.

आप्पा हल्ली जास्त वेळ पडून असतात. थंडी गेली की उठतील. जमलं तर एकदा येऊन जा. काम असेल तर नको येऊ. घाई काही नाही.

आत्या

*

मीरा रोड
२६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,
जय भीम, जय भीम, जय भीम!

शर्वरी परत येतेय.

काल फोन आला. मालिकेचा टीआरपीचा आकडा खाली गेलाय. चॅनलवर लोकांची पत्रं येतायत, शर्वरीला आणा म्हणून. ज्यांनी चहा पाजून काढलं, तेच साहेब म्हणाले, “प्रज्ञा, तुझ्याशिवाय हे घर उभं राहत नाही गं.” मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरगावी शूटिंग आहे. जागा सांगायची नाही असं लिहून घेतलंय, म्हणून तुलाही लिहीत नाही. प्रोमो आधीच फुटू नये म्हणून फोनही काढून घेणार आहेत. शर्वरी नदीतून वाचून एका गावात राहिलेली असते, आणि आता घरी यायला निघते.

एक अट होती. तो विहारातला फोटो मी काढून टाकला. एक बटण दाबायचं असतं, बस. मनाला लागलं, पण आत्या, कामाशिवाय या शहरात तीन महिने काढून बघ. जिथे जाते तिथे म्हणतात, “तुम्ही तर शर्वरी, तुम्हाला दुसऱ्या भूमिकेत लोक घेणार नाहीत.” आप्पांना फोटोचं सांगू नकोस, बाकी सगळं सांग. पण गावात फुटू देऊ नकोस म्हणावं. परवा फोनवर त्यांचा आवाज फार बसलेला वाटला. शूटिंग झालं की थेट घरीच येते, चार दिवस राहायला.

तुझी आनंदी,
प्रज्ञा

*

मंचर
४ मार्च २०२५

चि. प्रज्ञा,
जय भीम.

बाजाराला मंचरला आले आहे, इथूनच पत्र टाकते.

आप्पांना सांगितलं. त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “म्या काय सांगत व्हतो? मढं घावलं नव्हतं.” त्या आनंदात अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. गावात कुणाला सांगणार नाही म्हणतात, पण कुशाबाला सांगून झालंय.

फोटोचं वाचलं. त्यावर मी काही लिहीत नाही.

तू कामाला जा. नीट जेव, नीट झोप. इकडचं काही मनात आणू नकोस. आप्पांचा फोन लागला नाही तर काळजी करू नकोस, त्यात सारखा बिघाड होतो आहे.

केशरआत्या

*

मीरा रोड
२ एप्रिल २०२५

आत्या,

आप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही. माणसं होती, भंतेजी होते, आणि तुझ्याशी बोलायचं तर मोठ्याने ओरडावं लागतं. म्हणून लिहिते.

‘बाजाराला मंचरला आले आहे.’ तू दवाखान्याच्या कॉटशेजारी बसून ते लिहिलंस. कुशाबाने मला सगळं सांगितलं. जानेवारीतच एक्स-रे काढला होता, छातीत गाठ दिसली होती. तू नर्स होतीस. तुला डॉक्टरांच्या आधी कळलं असेल. आणि तू मला लिहिलंस, थंडीचा खोकला!

शूटिंग कुठे होतं, ऐक. माळशेज घाटात. आळेफाट्यावरून मंचर, दोन तासांचासुद्धा रस्ता नाही. घाटाच्या वळणावर मी जळक्या गाडीतून बाहेर पडत होते, “आई गं” म्हणून ओरडत होते, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, कारण उजेड बरोबर येत नव्हता. त्याच वेळी तिकडे आप्पा ऑक्सिजनवर होते. तू एक ओळ लिहिली असतीस तर मी त्या माणसांच्या तोंडावर साडी फेकून आले असते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन हातात मिळाला. कुशाबाचे फोनच फोन. तोवर तुम्ही स्मशानातून घरी आला होतात. मला राख दाखवलीस, आत्या.

मला यावर तुझं म्हणणं ऐकायचंय. ऐकायचं म्हणजे वाचायचंय. आणि सारवासारव नको.

प्रज्ञा

*

शिनोली
१२ एप्रिल २०२५

चि. प्रज्ञा,

सारवासारव करत नाही.

हो, मला माहीत होतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली तेव्हाच कळलं. औषधाने बरं व्हायचं ते नव्हतं. फक्त दिवस पुढे-मागे. तुझ्या आप्पांना मी विचारलं, “दादा, पोरीला बोलावू का?” तेव्हा तू तिकडे मीरा रोडला घरीच होतीस, बिनकामाची. ते म्हणाले, “आत्ता आली तर लोक म्हनतील काढली म्हनून घरी आली. परत टीव्हीवर दिसू दे, मंग बोलव.” बोलणं संपेपर्यंत त्यांना धाप लागली होती. ते पेपरचं पान त्यांनी बघितलं होतं, प्रज्ञा. मी लपवायच्या आधीच. मला कधी बोलले नाहीत.

म्हणून मी लिहिलं नाही. ते चूक होतं का, ते मी रोज ठरवते, आणि रोज वेगळं ठरतं. पण तू मला विचारतेस म्हणून मीही लिहिते. शूटिंग कुठे आहे ते तू मला सांगितलं नाहीस, कारण तू तसं लिहून दिलं होतंस. माळशेज म्हणाली असतीस तर मी कुशाबाला जीप घेऊन पाठवलं असतं. तू कामासाठी बापाचा फोटो पुसलास. मी तुझ्या बापाच्या शब्दासाठी त्याचा आजार लपवला. दोघींपैकी कुणी कुणाला ओरडावं?

ते गेले त्या दुपारी शुद्धीत नव्हते. मी कानाशी जाऊन म्हटलं, शर्वरी परत आली. ऐकलं की नाही, ते मला कसं कळणार.

आता काल काय झालं ते सांगते. प्रोमो आल्यापासून पुन्हा खोली भरायला लागली होती. तोंडाला पट्ट्या बांधलेली शर्वरी इनामदारांच्या दारात उभी राहिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या अंजनाने मला मिठी मारली. मग डॉक्टर आला, एकेक पट्टी सोडायला लागला. शेवटची पट्टी निघाली आणि आत भलतीच मुलगी.

खाली अक्षरं सरकत गेली, अपघातात चेहरा जळाला म्हणून नवा चेहरा दिला. माणसं आधी टीव्हीकडे बघत होती, मग माझ्याकडे. मला जे कळायचं ते कळलं.

तुला हे माहीत होतं का?

केशरआत्या

*

मीरा रोड
३ मे २०२५

आत्या,

तुझं पत्र मी दोन आठवडे उशाखाली ठेवलं. पेपरचं पान आप्पांनी बघितलं होतं, ते वाक्य फार जड आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घाटात गेले तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवस गाडी, आग, धूर. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तोंडाला पट्ट्या बांधल्या. डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या उघड्या. खाटेवर झोपवून शॉट घेतला. मग एक मुलगी आली. माझ्यासारखीच साडी, माझ्यासारखंच मंगळसूत्र. तिने माझ्या पायाला हात लावला. “ताई, मी तुमचे सगळे भाग बघितलेत. तुम्ही रडताना मान डावीकडे का वळवता, ते सांगाल?” मी पट्ट्यांच्या आडून बघत राहिले. साहेब म्हणाले, “प्रज्ञा, हिला जरा चालून दाखव.”

लोकांना शर्वरी हवी होती. मी नको होते. पण जुना चेहरा एकदा दाखवून तो जाळल्याशिवाय नवा बसवता येत नव्हता, त्यासाठी मला बोलावलं.

मी चालून दाखवलं, आत्या. मान वळवूनही दाखवली. ती पोर वाईट नाही. नगरकडची आहे, बारीक आवाजाची, फार घाबरलेली. नंतर फोन हातात आला आणि आप्पांचं कळलं, तेव्हा माझ्या तोंडावरचा चिकट पदार्थ अजून निघाला नव्हता. येताना गाडीत मी तो सोलत होते.

आता पुढचं. परवा त्यांचा पुन्हा फोन आला. नवीन मुलगी लोकांना पटत नाही. म्हणून कथेत आता अशी एक बाई येणार आहे, जी जुन्या शर्वरीसारखी दिसते. खोटी. इनामदारांची इस्टेट लाटायला आलेली. घरात घुसते, सांगते मीच खरी. खऱ्या शर्वरीचा छळ करते, शेवटी पोलीस नेतात. म्हणजे खरी ती आणि खोटी मी.

मी हो म्हटलंय.

तू काय म्हणशील ते माहीत आहे. पण दुसरं काम नाही. आणि मला अभिनय येतो, तेवढाच येतो. तू बघू नकोस. आणि एक कर, यापुढे माझ्यापासून काही लपवू नकोस. चांगलं असो, वाईट असो, लिहीत जा. मीही लिहीन.

प्रज्ञा

*

शिनोली
२२ जून २०२५

चि. प्रज्ञा,
जय भीम.

बघू नकोस म्हणालीस तरी बघितलं. गेला आठवडाभर रोज.

लोकांना आता आपल्याकडे यायचं कारण उरलेलं नाही. पण काल प्रयागबाई आली, नातसून अक्षदाला घेऊन. आप्पा गेल्यावर भेटायला राहून गेलं होतं म्हणाली. बसली. साडेसातला तिनेच टीव्ही लावायला सांगितला. बैठकीतला प्रसंग होता. तू डाव्या बाजूला, ती मुलगी उजव्या बाजूला, आणि सासरे म्हणतात, खरी कोण ते आज ठरेल. मग तू तिच्या दंडाला धरून तिला उंबऱ्याबाहेर ढकलतेस.

प्रयागबाई अक्षदाकडे वळून बोलली. मी बहिरी म्हणून आवाजही खाली केला नसेल. तिला वाटलं मला काय कळणार. मी तिच्या ओठांकडे बघत होते. ती म्हणाली, “मला पयल्यापासनंच वाटायचं. ही काय त्या घरातली न्हाई.”

अक्षदा लाजली, तिने खाली बघितलं. एपिसोड संपेपर्यंत तिघी बसलो. जाताना प्रयागबाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जपा म्हणाली. बाई मनाची वाईट आहे असंही नाही. तेच जास्त वाईट.

आता तुझ्या कामाचं. चांगलं करतेस. नाव उलटायच्या आधी कधी केलं नव्हतंस इतकं चांगलं. त्या मुलीला ढकललंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत जे होतं ते बघून मलाही तुझा राग आला. मीही खुर्चीत सरसावून बसले, हिला कुणीतरी धरा म्हणून. मग आठवलं की ही आपली प्रज्ञा.

काही लपवू नकोस असं तू लिहिलंस, म्हणून हेही लिहिते, नाहीतर ते माझ्यापाशीच ठेवलं असतं. त्या क्षणी माझ्या मनात आलं, बरं झालं, दादा गेले.

केशरआत्या